खिशातली टॉर्च घ्यायची? आधी सेल ठरवा

आमच्या शिवारात शेतीची लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की साडेबाराच्या सुमारास उठायचं, बागेत जायचं, स्टार्टर दाबायचा, फिल्टरवरचा दाब बघायचा आणि ठिबकची नळी कुठे निसटली तर नाही ना, ते ओळीओळीनं फिरून पाहायचं. केळीची बाग दाट असते. पौर्णिमेचं चांदणंही खाली जमिनीपर्यंत पोचत नाही. काळी नळी, ओला पालापाचोळा आणि त्यात एखादं लांबडं, म्हणजे साप, असेल तर तो, सगळं एकाच रंगाचं दिसतं. यावल-रावेर-चोपड्याकडे ज्यांची केळी आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

अशा वेळी मोबाईलचा उजेड पुरत नाही. तो दहा-पंधरा फुटांवर पसरून संपतो, हात ओले असताना फोन निसटतो, आणि फोनची चार्जिंग उजेडात गेली की गरज पडेल तेव्हा फोन लागत नाही. म्हणून खिशात वेगळी लहान टॉर्च असावीच, असं माझं ठाम मत आहे. शेतकऱ्यानंच नव्हे, रात्रपाळीच्या कामगारानं, आशाताईनं, चैत्रात वणीच्या गडाला पायी जाणाऱ्यानं, प्रत्येकानं ठेवावी.

नवीन माणूस दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, "फोकस किती लांब जातो?" मी सांगेन, हा प्रश्न तिसरा किंवा चौथा ठेवा. पहिला प्रश्न आहे: आत सेल कोणता जातो? टॉर्चची लांबी, जाडी, वजन, ती किती तास चालेल, आडगावात सेल संपला तर पुढे काय करायचं, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. आपल्याकडे टॉर्चलाच "बॅटरी" म्हणतात. "बॅटरी घे रे" म्हटलं की पोरगं टॉर्च घेऊन येतं. या लेखात घोळ नको म्हणून उजेड देते ती टॉर्च आणि आत जातो तो सेल, एवढंच म्हणेन.

पहिली पायरी: आपली रात्र मोजा

खरेदीच्या आधी आठवडाभर लक्ष ठेवा. उजेड कुठे लागतो, एका वेळी किती मिनिटं लागतो, किती लांब बघावं लागतं? बहुतेकांना उत्तर ऐकून नवल वाटेल. घरातून गोठ्यापर्यंत, जिन्यात, गाडीच्या डिकीत, मीटरच्या पेटीजवळ. पाच-सात मिनिटं आणि वीस फूट. त्याला हातभर लांब टॉर्चची गरज नाही. पण ज्याला सलग तीन तास बागेत फिरायचंय त्याचा हिशेब वेगळा. टॉर्च कोणत्या खिशात राहणार तेही बघा. सदऱ्याच्या वरच्या खिशात पन्नास ग्रॅमच्या पुढचं काहीही ठेवलं की वाकल्यावर ते बाहेर पडतं. विहिरीच्या काठावर वाकलात तर टॉर्च गेलीच म्हणून समजा.

दुसरी पायरी: सेलवरची अक्षरं वाचायला शिका

दुकानात "पेन्सिल सेल" आणि "बारीक पेन्सिल सेल" असे शब्द चालतात. पेन्सिल सेल म्हणजे एए: साडेचौदा मिलिमीटर जाड, साधारण ५० मिलिमीटर लांब. बारीक म्हणजे एएए: साडेदहा जाड, साडेचव्वेचाळीस लांब, टीव्हीच्या बऱ्याच रिमोटमध्ये असतो तो.

आकार तोच असला तरी आतला मसाला वेगवेगळा असतो, आणि तो सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. पेन्सिल सेलवर नुसतं "आर६" असेल तर तो साधा झिंक-कार्बन सेल. "एलआर६" असेल तर अल्कलाईन. "एचआर६" असेल तर पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड. बारीक सेलवर हीच अक्षरं "०३" या आकड्याबरोबर येतात. किराणा दुकानात बरणीजवळ टांगलेले स्वस्त सेल बहुतेक "आर६" असतात. घड्याळाला आणि रिमोटला ते उत्तम. टॉर्चला मात्र एकदम जास्त करंट लागतो, तिथे ते लवकर दम टाकतात. शिवाय या सेलचं जस्ताचं डबडं हेच त्याचं ऋण टोक असतं. सेल वापरला जातो तसं ते डबडं आतून झिजत जातं आणि शेवटी फुटून चिकट पाणी बाहेर येतं. म्हणून टॉर्चमध्ये तो टाकून विसरू नये.

लिथियम-आयन सेलची नावं आकड्यांत असतात आणि ती वाचायला सोपी आहेत. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. याच हिशेबानं १४५०० म्हणजे १४ जाड, ५० लांब. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. एकदा हे कळलं की कुठल्याही दुकानदारानं कुठलाही आकडा सांगू दे, तुमच्या डोळ्यापुढे त्याची जाडी-लांबी उभी राहते.

तिसरी पायरी: आपला आकार निवडा

बारीक सेलची, म्हणजे एका एएएवर चालणारी टॉर्च बोटाएवढी असते. किल्ल्यांच्या जुडग्यात किंवा पेनाशेजारी बसते. माझी वहिनी आशा सेविका आहे. ती पाड्यावर घरोघर जाते आणि तिच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात अशी एक टॉर्च कायम असते. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला, बाळाचा घसा बघायला, काळोखात उंबरा ओलांडायला तेवढा उजेड भरपूर. पण सेलमधली ऊर्जाच थोडी, त्यामुळे हिच्याकडून लांबचं बघायची अपेक्षा करू नये. ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप; २०-३० ल्यूमेनवर तीनेक तास, एवढं तिचं काम.

आता पेन्सिल सेल. पहिल्यांदा टॉर्च घेणाऱ्या माणसाला मी डोळे मिटून एका एएएवरची नव्हे, एका एएवरची टॉर्च घ्यायला सांगतो. जाडीला ती अंगठ्याएवढी आणि लांबीला तळहातात मावेल इतकी असते. बारीक सेलच्या दुपटीहून जास्त ऊर्जा तिच्यात असते. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे हा सेल कुठेही मिळतो. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला निघालेला माणूस तळोद्यातल्या कुठल्याही किराणा दुकानातून पेन्सिल सेल घेऊन खिशात टाकू शकतो. १८६५० तिथे मिळेल या भरवशावर सातपुड्यात रात्री चढू नये.

पेन्सिल सेलच्या टॉर्चसाठी चार्ज होणारे "एचआर६" सेल घ्या. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं हे अशक्त आहेत. उलट टॉर्चसारख्या जास्त करंट ओढणाऱ्या वस्तूत ते साध्या सेलपेक्षा खूप बरे चालतात, कारण शेवटपर्यंत त्यांचा व्होल्टेज फारसा खाली येत नाही. २००० एमएएचच्या (सेलमध्ये किती चार्ज मावतो, त्याचं माप) आसपासचे घ्या आणि पाकिटावर "लो सेल्फ डिस्चार्ज" किंवा "रेडी टू यूज" असं काही लिहिलंय का ते बघा. जुन्या पद्धतीचे सेल नुसते पडून राहिले तरी महिना-दोन महिन्यांत बरेच उतरतात. हे नवे सेल वर्षभर ठेवले तरी बहुतेक चार्ज राखून असतात. अधूनमधून लागणाऱ्या टॉर्चमध्ये हा फरक फार मोठा आहे.

चार्जर घेताना एक आपल्याकडची अडचण लक्षात ठेवा. स्वस्त चार्जर नुसत्या घड्याळावर चालतात: ठरावीक तास झाले की बंद. मध्येच लाईट गेली आणि परत आली की ते घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि भरलेला सेल पुन्हा तासन् तास तापत राहतो. आपल्याकडे एका रात्रीत लाईट दोनदा जाणं नवीन नाही. त्यामुळे सेल भरल्याचं स्वतः ओळखून थांबणारा आणि प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर घ्या. तो थोडा महाग पडतो, पण सेल वर्षानुवर्षं टिकतात.

इथेच एक धोका सांगायला हवा. १४५०० हा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल. तोच आकार, तीच टोपी. पण व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. फक्त पेन्सिल सेलसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये तो टाकला तर आतलं सर्किट जळू शकतं. रिमोट किंवा घड्याळातही तो चुकून जाऊ देऊ नका. काही टॉर्च मात्र दोन्ही सेल चालतील अशा बनवतात आणि खोक्यावर तसं स्पष्ट लिहितात. अशी टॉर्च मिळाली तर जरूर घ्या. घरी १४५०० टाकून जास्त उजेड मिळवायचा, प्रवासात साधा पेन्सिल सेल. घरात लहान मुलं असतील तर १४५०० वर लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, म्हणजे गल्लत होणार नाही.

आणि आता १८६५०. रात्री पाणी भरणाऱ्या माणसाचा हाच खरा सेल. पेन्सिल सेलच्या चौपट ऊर्जा, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. टॉर्च वितभर लांब होत नाही, पॅन्टच्या खिशात बसते. १५० ल्यूमेनचा उजेड पाच तासांच्या आसपास मिळतो, म्हणजे एक पूर्ण पाळी निघते. मी स्वतः चार वर्षांपासून हाच वापरतोय.

पण याच सेलमध्ये फसवणूकही सगळ्यात जास्त आहे, म्हणून इथे जरा थांबतो. माझी पहिली १८६५० टॉर्च मी एका यात्रेतल्या दुकानातून घेतली. सेलवर ठळक अक्षरांत ९९०० एमएएच छापलेलं. पहिल्याच रात्री चाळीस मिनिटांत उजेड पिवळा पडला आणि मी बागेच्या मधोमध उभा. त्या रात्री ओळ धरून, पानांना हात लावत बांधापर्यंत आलो. पुढच्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाच्या खरेदीसाठी जळगावच्या सराफ बाजारात गेलो होतो. सेल खिशातच होता. काउंटरवरच्या काकांना विचारलं, हा जरा काट्यावर ठेवता का? त्यांनी हसत ठेवला. काट्यानं दाखवलं २९.६ ग्रॅम. सोन्याच्या काट्यावर सेल खोटा निघाला. आतमध्ये लहान सेल घालून उरलेली जागा कशानं तरी भरलेली असणार.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. १८६५० आकारात ३५०० एमएएचपर्यंतचे सेल नेहमीचे. त्याहून थोडे वर गेलेले मोजके नवे सेल आहेत, पण ५०००, ६८००, ९९०० असं काही छापलेलं दिसलं तर ती टॉर्च तिथेच ठेवून द्या. सेल हातात घ्या. ४० ग्रॅमच्या आत भरला तर संशय घ्या. घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर तो पुरतो. सुटा सेल घ्यायचा असेल तर फिरत्या विक्रेत्यापेक्षा जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्यात पाचकंदील भागात पक्कं बिल देणारं दुकान गाठा. बिल असलं की परत न्यायला तोंड राहतं.

१८६५० मध्ये दोन प्रकार आहेत. काहींच्या बुडाला लहानसं संरक्षक सर्किट असतं. सेल जास्त उतरला, जास्त भरला किंवा शॉर्ट झाला तर ते सेलचा करंट बंद करतं. हे सेल दोन-चार मिलिमीटरनं जास्त लांब असतात, त्यामुळे काही टॉर्चमध्ये बसत नाहीत. नवीन माणसानं संरक्षक सर्किटवालाच घ्यावा आणि टॉर्चमध्ये बसतो का ते दुकानातच बघावं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल काही ठिकाणी स्वस्तात विकतात. ते घेऊ नका. किती वर्षं वापरलेत, किती मार खाल्लाय, काहीच कळत नाही.

बाकीचे आकार थोडक्यात. २१७०० मध्ये ४००० ते ५००० एमएएच मिळतात, पण टॉर्च जाड आणि जड होते. ती खिशातली न राहता हातातली होते. १६३४० हा बुटका सेल, टॉर्च गोंडस दिसते, पण सेल लवकर उतरतो आणि गावात मिळत नाही. जुन्या मोठ्या सेलची, दोन-तीन सेलवाली लांब टॉर्च आमच्या आबांकडे अजून आहे. ती भिंतीवरच्या खिळ्याला शोभते, खिशाच्या हिशेबात ती येत नाही. आणि ज्या चार्जिंगच्या टॉर्चला मागे दोन पिना असतात, त्यांच्या आत बऱ्याचदा शिशाची, आम्लवाली ४ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिनाभर राहिली की पुन्हा नीट चार्ज धरत नाही. खरिपात वापरली आणि रब्बीत काढली, तर मेलेली सापडते.

चौथी पायरी: तासांचा हिशेब स्वतः करा

खोक्यावरचे तास मानू नका, स्वतः काढा. पद्धत सोपी आहे. सेलवरचे एमएएच भागिले हजार, गुणिले व्होल्ट. उत्तर येतं वॅट-तासांत. २००० एमएएचचा १.२ व्होल्टचा पेन्सिल सेल म्हणजे २.४ वॅट-तास. ३००० एमएएचचा ३.६ व्होल्टचा १८६५० म्हणजे १०.८ वॅट-तास. आता ढोबळमानानं चांगली एलईडी एका वॅटमध्ये १०० ल्यूमेनच्या आसपास उजेड देते, सर्किटमधली घट धरून थोडा कमीच. म्हणजे १०० ल्यूमेनवर पेन्सिल सेल दोन तासांच्या आसपास, १८६५० नऊ-दहा तास. खोक्यावर "१००० ल्यूमेन, २० तास" असं लिहिलं असेल आणि आत एकच १८६५० असेल, तर हे दोन आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, हे तुम्ही दुकानात उभ्या उभ्या सांगू शकाल.

चांगल्या कंपन्याही जे तास लिहितात, त्यामागची मोजणी माहीत असू द्या. एफएल१ नावाचं एक मापन-प्रमाण आहे. त्यात टॉर्च लावल्यावर तिसाव्या सेकंदाला जेवढा उजेड असतो, तो दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ "चालण्याचा वेळ" म्हणून धरतात. म्हणजे ५०० ल्यूमेनची टॉर्च शेवटच्या तासात ५० ल्यूमेनवर आली तरी तो तास मोजला जातो. फोकसचं अंतरही असंच. जिथे उजेड पाव लक्स उरतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तिथपर्यंतचं अंतर खोक्यावर लिहितात. २०० मीटर लिहिलं असेल तर तिथे काही तरी आहे एवढंच कळतं. त्या अंतरावर रानडुक्कर आहे की शेजाऱ्याची म्हैस, हे ओळखायचं असेल तर निम्मं अंतरही जास्त धरलं जाईल.

पाचवी पायरी: उजेड किती आणि कसला

खिशातल्या टॉर्चला तीन पायऱ्या असाव्यात. ५-१० ल्यूमेन घरात झोपलेल्यांना न उठवता फिरायला. ५०-१५० ल्यूमेन चालायला आणि काम करायला. ४०० किंवा त्याहून जास्त, आवाज आला म्हणून एकदा लांब बघायला. ही वरची पायरी लहान टॉर्चमध्ये एक-दोन मिनिटंच टिकते, कारण लहान अंगाला ती उष्णता सोडता येत नाही. मग टॉर्च आपोआप उजेड कमी करते. ते बिघडल्याचं लक्षण समजू नका.

उजेडाचा रंग बघा. निळसर पांढरा उजेड डोळ्याला जास्त वाटतो, पण त्यात रंग मरतात. ४००० ते ५००० केल्विनचा, किंचित उबदार पांढरा उजेड घ्या, आणि खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप, १०० पैकी) ९० किंवा वर असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. केळीच्या पानावरचा करप्याचा ठिपका तपकिरी आहे की नुसतं पान पिवळं पडलंय, हे निळ्या उजेडात रात्री कळत नाही. ओली काळी नळी आणि चकचकीत काळा मण्यार यांतला फरकही उबदार, खरे रंग दाखवणाऱ्या उजेडात लवकर दिसतो, आणि मण्यार रात्रीच फिरतो.

चालताना टॉर्च खांद्याजवळ धरू नका, गुडघ्याजवळ धरा. उजेड तिरपा पडतो, खड्ड्याची, दगडाची, पायाखालच्या जिवाची सावली लांब होते आणि जमिनीवर काय आहे ते उठून दिसतं. हे कुठल्याही टॉर्चला लागू आहे, आजच करून बघा.

सहावी पायरी: दुकानात काय तपासायचं

सेल काढून परत घाला. सेल आतमध्ये सिलबंद असेल आणि बदलता येत नसेल, तर सेल मेला की टॉर्चही जाते. असली टॉर्च मी घेत नाही. काही टॉर्चमध्ये धन आणि ऋण ही दोन्ही टोकं एकाच बाजूला असलेला खास सेल असतो, दुसरा कुठलाही चालत नाही. तसं असेल तर तो सेल आपल्याला पुढे कुठे मिळेल हे विचारून घ्या.

मागचं टोपण पाव आटा उलटं फिरवा आणि बटन दाबा. टॉर्च लागली नाही तर उत्तम, म्हणजे प्रवासात हे कुलूप वापरता येईल. १८६५० वाली टॉर्च खिशात चुकून मोठ्या उजेडावर लागली तर कापडाला टेकून चटका बसण्याइतकी तापते. आट्यांवर रबराची कडी आहे का ते बघा. ती नसेल तर पावसाळ्यात पाणी आत जाणार. खोक्यावर आयपीएक्स४ असेल तर ती शिंतोडे सोसते, आयपीएक्स७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. चारीत पडायची शक्यता असलेल्यांनी दुसरी घ्यावी.

यूएसबी-सी चार्जिंग असेल तर दुकानातच केबल लावून बघा. काही स्वस्त टॉर्चमध्ये एक लहान भाग वाचवलेला असतो, त्यामुळे दोन्ही टोकं सी असलेल्या नव्या केबलवर त्या चार्जच होत नाहीत. जुन्या चपट्या टोकाच्या केबलवर होतात. आणि प्रत्येक वेळी बटन दाबल्यावर लुकलुक करणाऱ्या उजेडातून जावं लागत असेल, तर ती टॉर्च रोजच्या वापरात फार त्रास देते. दहा वेळा लावून-विझवून बघा, दुकानदार काही म्हणत नाही.

सातवी पायरी: मे महिना आणि पावसाळा

लिथियम सेल साधारणपणे ० ते ४५ अंश तापमानातच चार्ज करावेत असं बनवणारे सांगतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. म्हणून उन्हाळ्यात टॉर्च दुपारी चार्जिंगला लावू नका. पहाटे किंवा रात्री उशिरा, गारव्याच्या जागी, नजरेसमोर लावा. गाडीच्या काचेखाली, मोटारसायकलच्या डिकीत, स्टार्टरच्या लोखंडी पेटीत दिवसभर सेल ठेवू नका. फुगलेला, दबलेला किंवा आवरण फाटलेला सेल पुन्हा वापरू नका.

सुटा सेल खिशात नाणी-किल्ल्यांबरोबर कधीही टाकू नका. दोन्ही टोकांना धातू लागला की क्षणात कापड जाळण्याइतका तापतो. थोड्या पैशांत प्लॅस्टिकची डबी मिळते, ती वापरा. दोन-तीन महिने टॉर्च लागणार नसेल तर लिथियम सेल अर्धा भरून, पेन्सिल सेल बाहेर काढून ठेवा. अल्कलाईन सेल गळून आत पांढरी पूड जमली असेल तर सेल काढा, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसानं पूड पुसा, मग ओल्या कापडानं आणि शेवटी कोरड्या कापडानं. स्प्रिंग गंजून तुटली नसेल तर टॉर्च बहुधा पुन्हा चालू होते. मेलेले लिथियम सेल उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आठवी पायरी: पहिल्याच आठवड्यात घरी परीक्षा

नवी टॉर्च पूर्ण चार्ज करा. संध्याकाळी मधल्या उजेडावर लावून भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि वेळ लिहा. दर अर्ध्या तासानं हात लावून किती तापली ते बघा. उजेड स्पष्टपणे मंदावला किंवा टॉर्चनं लाल दिवा दाखवला की पुन्हा वेळ लिहा आणि बंद करा, पार विझेपर्यंत ताणू नका. माझ्या टॉर्चच्या मागच्या टोपणाजवळ पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा आहे. त्यावर बॉलपेननं लिहिलंय: "मधला – ५ तास १० मि." शेजारच्या मळ्यातला पोरगा टॉर्च मागायला आला आणि म्हणाला, "हाई कितला दिन चाली, भाऊ?", की मी ती पट्टीच त्याच्या पुढे धरतो.